तिघांनी दिलेलं औषध

सोळा मार्च, सोमवार. शाळेतून रजा घेतली होती आणि औषधांचा डबा साफ करायला काढला. डबा म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. बीडीडी चाळीतून या नव्या इमारतीत येताना आम्ही अर्धं सामान टाकून दिलं, पण हा आला. ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक वस्तू बाहेर काढली. तारीख उलटलेली मलमं, अर्ध्या कापलेल्या गोळ्या, कुणाच्या तरी डोळ्यांचे थेंब. ते सगळं कचऱ्यात गेलं. मागे तीन बाटल्या उरल्या. पोट साफ होण्याच्या पातळ औषधाची एक, निम्मी संपलेली. तेच औषध दुसऱ्या कंपनीचं, तेही उघडलेलं. आणि एक एरंडेलाची, जुन्या सरबताच्या बाटलीत भरलेली, बूच कापडाने बांधलेलं.

पहिली मी आणली होती, दुसरी माझ्या नवऱ्याने, तिसरी माझ्या नणंदेने. तिन्ही एकाच बाईच्या पोटात गेल्या. ती बाई माझी सासू, वय अठ्ठ्याहत्तर, आणि त्यापायी तिला दोन रात्री हॉस्पिटलात सलाइनवर काढाव्या लागल्या. त्याला दहा दिवस झाले होते. माझा राग मात्र दहा दिवसांचा झाला नव्हता, तो रोज सकाळी ताजा असायचा.

आधी हे सांगते की चाळीचं कौतुक माझ्यापुढे कुणी करू नये. मी तिथे सत्तावीस वर्षं राहिले. एका मजल्यावर वीस खोल्या आणि टोकाला सामायिक संडास. दाराची कडी आतून लागत नसे, म्हणून बाई आत गेली की दुसरीने बाहेर उभं राहायचं. माझी सासू पहाटे चारला उठून शेजारणीला हाक मारायची आणि दोघी बादल्या घेऊन जायच्या. चारनंतर पुरुषांची रांग लागे. चारला जमलं नाही तर बाईने दुपारपर्यंत कळ काढायची. पन्नास वर्षं तिने असं केलं आणि तिच्या आतड्यांना घड्याळ लागलं.

पुरुषांचं वेगळं होतं. माझे सासरे गिरणीत होते. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, महिन्यातून एकदा, ते पहाटे आल्याच्या चहात एरंडेल घ्यायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली होती, तरी त्यांनी वार बदलला नव्हता. त्या दिवशी रांगेत त्यांना कुणी थांबवत नसे. "सोडा रे, अण्णांचा आज जुलाब आहे," असं कुणीतरी म्हणायचं आणि माणसं बाजूला व्हायची. दुपारी बारापर्यंत सगळं आटपायचं, मग मऊ भात आणि झोप. बारापर्यंत झालं नाही तर तेल कमी पडलं असं समजून आणखी एक चमचा. बायकांच्या जुलाबाला असा वार नव्हता. त्यांच्यासाठी कुणी रांग सोडल्याचं मला आठवत नाही.

आता या नव्या घरात संडास आत आहे. स्वच्छ, पांढरा, चोवीस तास पाणी. दार हॉलमध्ये उघडतं. हॉलमध्ये माझी मुलगी दिवसभर कानाला हेडफोन लावून ऑफिसच्या मीटिंगांना बसलेली असते, बाजूच्या भिंतीला टीव्ही आणि कामावरून आला की टीव्हीसमोर माझा नवरा. स्वयंपाकघर चार पावलांवर. घर ताब्यात मिळालं तेव्हा सासूने पहिल्यांदा ते दार उघडून पाहिलं, परत लावलं आणि म्हणाली, "हय? सगळ्यांच्या म्होरं?"

मी म्हटलं, "आई, दार आहे ना."

"दार आसा गो. आवाज खंय जातलो?"

मी हसले. ती माझी पहिली चूक. तिने पुढे काही म्हटलं नाही आणि मी विचारलं नाही. कमोडवर तिचे पाय जमिनीला धड टेकत नाहीत, हेही मला हॉस्पिटलनंतर कळलं. सहा महिन्यांत तिने पाणी कमी केलं, का, तर सारखं जायला नको. मग भाजी कमी केली. त्यात रक्तवाढीच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या, त्यांनीही पोट बांधलं जातं, हे आम्हांला कुणाला ठाऊक नव्हतं. ती दुपारी पोटावर हात ठेवून खिडकीशी बसलेली दिसायची. आमच्या घरात देवाबद्दल बोलतात, मच्छीच्या भावाबद्दल बोलतात, शेजाऱ्यांच्या सुनेबद्दल बोलतात. पोट साफ झालं का हे विचारत नाहीत.

तर बुधवारी मला दया आली. मी दादरच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. घरी येताना केमिस्टकडून औषध घेतलं. डॉक्टरांना विचारलं नाही. केमिस्टने विचारलं, "कुणासाठी?" मी म्हटलं, "घरी पाहिजे." त्याने दिलं, "रात्री एक माप," म्हणाला. बाटलीवर मापाचं छोटं प्लास्टिकचं झाकण होतं, आत रेषा. त्या रात्री मी ते माप बरोबर भरलं आणि सासूला मोरीपाशी उभं करून दिलं, हळूच, कुणाला दिसणार नाही असं.

गुरुवारी रात्री माप सापडलं नाही. शोधायचा कंटाळा केला आणि चमचा घेतला. कुठला चमचा, तर हाताला लागला तो. वर थोडं जास्तच ओतलं, कारण सकाळी काही झालं नव्हतं. शाळेत मी मुलांना मोजपात्र डोळ्यांच्या रेषेत धरायला शिकवते, एक थेंब इकडेतिकडे झाला तरी परत ओतायला लावते. घरी आमटीचा चमचा.

नवऱ्याचं मला माहीत नव्हतं. त्यालाही आईचं दुखणं दिसलं होतं आणि त्यालाही माझ्याशी बोलायची लाज वाटली. त्याने लालबागहून दुसरी बाटली आणली, कपाटात बनियनांमागे ठेवली आणि गुरुवारी सकाळी, मग शुक्रवारी सकाळी, मी शाळेत गेल्यावर तिला दोन दोन मोठे चमचे दिले. शुक्रवारी नऊच्या सुमारास नणंद शीवहून आली. आईने फोनवर तिला "पोटाक बरा नाय" एवढंच म्हटलं होतं. नणंदेने आल्याचा चहा केला आणि अण्णांच्या पद्धतीने त्यात एरंडेल घातलं. ते पाजून, बाटली ठेवून ती आपल्या कामाला गेली.

सासूने तिघांकडून घेतलं. एकालाही दुसऱ्याचं सांगितलं नाही. "सगळ्यांनी मायेन दिला, कोणाक नको म्हणू?" हे तिने मला नंतर सांगितलं. शिवाय तिच्या हिशेबाने बारापर्यंत व्हायला हवं होतं आणि दोन दिवस होत नव्हतं, म्हणजे आणखी हवंच होतं.

शुक्रवारी दुपारी झालं, आणि एकदम झालं. नवरा कामावर होता. मुलगी मीटिंगमध्ये होती, कॅमेरा चालू, पाठीमागे संडासाचं दार. सासू आपल्या खोलीच्या उंबऱ्यात उभी राहून मीटिंग संपायची वाट बघत होती. मीटिंग संपेना. मग जे व्हायचं ते लुगड्यातच झालं. ती मागच्या, नुसत्या अंघोळीच्या बाथरूममध्ये गेली, लुगडं सोडलं आणि स्वतः धुवायला बसली. पुन्हा झालं, पुन्हा धुतलं. मी अडीचला आले तेव्हा मुलगी हॉलमध्ये कुणालातरी "येस, येस" म्हणत होती आणि आत नळ वाहत होता. सासू फरशीवर कुशीवर पडलेली, हातात साबणाची वडी. ओठ कोरडे. मी हाक मारली तर डोळे उघडले आणि नातीबद्दल काय म्हणाली असेल?

"चेडवाक भायर जाऊंदे आधी. तिका दिसता नये."

तिला उचलताना मला कळलं की ती किती हलकी झाली आहे. त्याचाही राग आला.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण होती, माझ्या मुलीपेक्षा फार तर चार वर्षांनी मोठी. तिने नाडी पाहिली, बीपी पाहिलं, आणि आम्हां तिघांना बाहेरच्या बाकापाशी उभं केलं. नवरा कामावरून आला होता, नणंदही तोवर टॅक्सीने आली होती.

"आजींना काय काय दिलंत?"

मी म्हटलं, "एक पातळ औषध. रात्री. दोन दिवस."

ती लिहू लागली तेवढ्यात नवरा म्हणाला, "मी पण."

"तुम्ही पण म्हणजे?"

"सकाळी. दोन चमचे. दोन दिवस."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघत होता. मग नणंद पदराशी चाळा करत म्हणाली, "मी नुसतं एरंडेल दिलं. ते तर घरचंच."

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. "अजून कुणी आहे का घरात? कामवाली, वॉचमन?"

नणंदेने मान हलवून नाही म्हटलं.

"बीपीची गोळी दिली आज?"

"ती देतेच मी रोज सकाळी," मी म्हटलं, जरा तोऱ्यातच. एवढं तरी आपण बरोबर केलं असं मला वाटत होतं.

"त्या गोळीने लघवीवाटे पाणी जातं. इकडून जुलाबाने जातंय. आजी पाणी पीत नाहीत. मग अंगात राहिलं काय?"

नणंद रडायला लागली. मी नाही रडले. मी नवऱ्याला तिथेच, बाकावरच्या अनोळखी माणसांसमोर, विचारलं, "बनियनांमागे का ठेवली बाटली? दारू होती का?"

"अगं, हळू बोल."

"नाही बोलणार हळू. हळू बोलूनच हे झालंय."

"वहिनी, लोक बघतायत," नणंद म्हणाली.

"बघू देत. तुमच्या आईला जुलाब झालेत, ताई. चोरी नाही केलेली."

दोन दिवसांनी सासू घरी आली आणि तिने जेवण बंद केलं. बंद म्हणजे भांडून नाही, तिचा स्वभाव तसा नाही. दोन घास खायचे, ताट सरकवायचं. पाण्याचा पेला ओठाला लावून खाली ठेवायचा. पुन्हा तसं होऊ नये म्हणून आत काही घालायचंच नाही, असा साधा उपाय तिने शोधला होता. पाच दिवसांनी पोट परत दगड झालं. औषध पुढे केलं तर तोंड फिरवलं. "माका गावाक पाठव," म्हणाली. गावाला घरात कुणी नाही, दवाखाना दोन तासांवर. तिला ते माहीत आहे. "थंय परसाकडे जाऊक मिळात," म्हणाली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी या बाईला केवळ कुणाला ऐकू न जाता शौचाला बसता यावं म्हणून एकटीने जाऊन मरायचं होतं. आणि मला दिसत होतं की आम्ही काही केलं नाही तर ती जाणार नाही, इथेच वाळत जाईल.

शनिवारी तिला पुन्हा त्याच डॉक्टरणीकडे नेलं. तिने पोट दाबून पाहिलं, कुठे दुखतं, उलटी होते का, वारा सरतो का विचारलं. मग मला म्हणाली, "सिरप वाईट नाहीये. तेच द्यायचंय."

"तेच? मॅडम, त्याच औषधाने..."

"औषधाने नाही, तुम्ही तिघांनी. हे औषध हळू चालतं. एक दिवस, कधी दोन दिवस लागतात. सकाळी नाही झालं म्हणून डोस वाढवायचा नसतो. पहिल्या मापाचा परिणाम यायच्या आधीच तुम्ही चार वेळा दिलंत आणि वर एरंडेल."

"म्हणजे बारापर्यंत व्हायलाच पाहिजे असं नाही?"

"कुणी सांगितलं बारापर्यंत?"

"सासऱ्यांनी," मी म्हटलं.

ती हसली नाही. म्हणाली, सोमवारपासून रात्री एकदा, मी लिहिलंय तेवढंच, बाटलीच्या मापाने. चमचा नाही. देणारं माणूस एकच. सोबत दुसरं काही नाही, एरंडेल नाही, चूर्ण नाही, शेजारणीचा काढा नाही. दिवसभर पाणी, तुमच्यासमोर पेले मोजून. शौच पातळ व्हायला लागलं की औषध थांबवायचं, मीठसाखरेचं पाणी द्यायचं आणि फोन करायचा. पोटात जोराची कळ, फुगारा, उलट्या झाल्या तर औषध द्यायचंच नाही, थेट घेऊन यायचं. रक्तवाढीची गोळी तिने बदलली, बीपीची बदलली. हे सगळं मी शाळेच्या वहीच्या कागदावर लिहून घेतलं. मग तिने सासूला विचारलं, "आजी, बसता कशा?"

सासूने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सांगा. त्या डॉक्टर आहेत."

"पाय लोंबकळतत," सासू म्हणाली.

"पायाखाली पाट घ्या. गुडघे वर आले की सोपं जातं. आणि रोज एकाच वेळी बसा, घाई नाही. पूर्वी कधी जायचात?"

"चारांक."

"मग चारला जा की."

"झील टीव्हीम्होरं निजता," सासू म्हणाली, जशी काही तिच्या लेकाची तक्रार शाळेत घेऊन आली होती.

म्हणून सोमवारी मी डबा काढला होता. एरंडेल मोरीत ओतलं आणि वर गरम पाणी सोडलं. नवऱ्याची बाटलीही ओतली. माझ्या बाटलीचं माप मिळत नव्हतं, ते घरभर शोधलं आणि शेवटी देवघरात सापडलं. सासूने पहिल्याच रात्री ते उचलून नेलं होतं आणि त्यात गंध उगाळून ठेवलं होतं. तळाशी वाळलेलं गंध, रेषा पिवळ्या झालेल्या.

"आई, हे औषधाचं माप आहे."

"माका वाटला फुकट जाता. चांगला, नवा कोरा."

मी ते घासून उकळत्या पाण्यातून काढलं. तिला गंधासाठी स्टीलची वाटी दिली. मापाच्या कडेला भोक पाडून दोरा ओवला आणि दोरा बाटलीच्या मानेला गाठ मारून बांधला, जसं शाळेत लोहचुंबक टेबलाला बांधून ठेवतो. फ्रिजवर कागद चिकटवला. वर लिहिलं, "आईंचं औषध फक्त मी देणार." खाली तारीख, वेळ, किती, झालं की नाही. नवरा संध्याकाळी आला, त्याने वाचलं.

"हे असं फ्रिजवर? पाहुणे आले तर?"

"वाचतील. त्यांनाही उपयोग होईल."

"'झालं की नाही' हे तरी काढ."

"ते भरायचं काम तुमचं आहे," मी म्हटलं. "आईला रोज विचारायचं. तोंडाने."

 त्याने खिशातून पेन काढून कागदाला दोऱ्याने लटकावलं. एवढं केलं त्याने.

रात्री माप डोळ्यांच्या रेषेत धरलं, लिहिलं होतं तेवढंच भरलं. सासूने तोंड फिरवलं. मी हात तसाच धरून उभी राहिले. म्हटलं, "आई, उद्या चारला घरात कुणी नसेल."

"खंय जातले सगळे?"

"ते माझं मी बघते. तुम्ही हे घ्या."

तिने घेतलं. वर पूर्ण पेला पाणी प्यायली, आणि रिकामा पेला मला वाकडा करून दाखवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेचारला मी उठले. आधी नवऱ्याला हलवलं, मग मुलीला. मुलगी म्हणाली, "आई, वेडी आहेस का? झोपू दे." मी तिची चादर ओढली. नवरा बनियनवर शर्ट चढवत होता, बटणं चुकली होती. संडासात पाट ठेवला, दिवा लावला, एक बादली भरून ठेवली, कारण तिला फ्लशच्या आवाजाचीही लाज वाटते. तिच्या खोलीत जाऊन पाण्याचा पेला दिला आणि म्हटलं, "आज झालं नाही तरी चालेल. उद्या होईल. नुसतं बसून या."

"तू?"

"मी बाहेर उभी आहे. पूर्वी उभी राहायचे तशी."

दोघांना ढकलून बाहेर काढलं आणि फ्लॅटचं दार ओढून घेतलं. आम्ही तिघं लिफ्टसमोर उभे राहिलो, नवऱ्याच्या पायात माझी चप्पल. जरा वेळाने समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. तिथले काका फिरायला निघाले होते. आम्हांला बघून थबकले, आवाज उतरवून म्हणाले, "काय झालं? सगळे बाहेर? कुणाचं काही...?"

नवरा म्हणाला, "काही नाही, काका, असंच, हवा..."

"आई संडासाला बसल्यात," मी म्हटलं, नेहमीच्या आवाजात. "अर्धा तास लागेल. रोजच उभे असणार आम्ही इथे."

काकांनी आमच्याकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं. मग लिफ्टचं बटण न दाबता जिन्याने खाली गेले, पावलांचा आवाज न करता.